निळ्या रेषेच्या आतली कुऱ्हाड कुणाला उत्तर देते?

नदीकाठच्या वस्तीत राहणाऱ्या माणसाला ‘निळी रेषा’ म्हणजे काय हे कुणी शिकवावे लागत नाही. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे पाणी जिथवर पोहोचते ती निळी पूररेषा, आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई. पत्र्याच्या खोलीची एक भिंत विटांची करायला घेतली की अतिक्रमणवाले दारात उभे राहतात. नदीचे पात्र संरक्षित आहे, असे आम्हाला ऐकवले जाते.

मान्य. पण मग त्याच निळ्या रेषेच्या आत दर एप्रिल-मे महिन्यात वीजवाहिनीखालची झाडे छाटायला ठेकेदाराचा ट्रक येतो, तेव्हा हे संरक्षण कुठे जाते? कुणाची परवानगी, किती फांद्या, कोणत्या झाडाच्या, देखरेख कुणाची, कापलेले लाकूड कुठे गेले, यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर वस्तीला मिळत नाही. गरिबाची एक वीट मोजली जाते, कुऱ्हाडीचा घाव मात्र कुणी मोजत नाही. आमचा आक्षेप या दुटप्पीपणावर आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही छाटणीच्या विरोधात नाही. पावसाळ्यात तारेवर फांदी पडली तर आधी अंधार होतो तो आपल्या वस्तीत, आणि तुटलेली तार पाण्यात पडली तर मरणारा माणूसही बहुतेक वेळा आपलाच असतो. २५ जुलै २०२४ च्या पहाटे पुण्यात मुठेचे पाणी डेक्कनच्या पुलाची वाडी परिसरात शिरले. तिथे अंडाभुर्जीची हातगाडी हलवताना विजेचा धक्का बसून तीन जण गेले. तो अपघात झाडामुळे झाला नव्हता. पण नदी, वीज आणि गरीब माणूस एकत्र आले की बेफिकिरीची किंमत कोण मोजतो, हे त्यातून कळते. म्हणून वीजसुरक्षा हा आमचाच मुद्दा आहे. तिच्या नावाखाली चालणारा मनमानी कारभार आम्हाला मान्य नाही.

आणि वीज व नदी या दोन्ही विषयांवर बोलण्याचा अधिकार आम्हाला कुणाकडून उसना घ्यावा लागत नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या खात्याकडे वीज आणि पाटबंधारेही होते. देशाच्या वीजनियोजनासाठी केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ आणि नद्यांसाठी केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग त्यांच्याच कारकिर्दीत उभे राहिले. दामोदर खोरे योजनेची पायाभरणीही त्याच काळातली. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय औद्योगिकीकरण नाही, आणि औद्योगिकीकरणाशिवाय गरिबाची सुटका नाही, ही त्यांची भूमिका होती. म्हणजे विजेची तार आमच्या शत्रूची नाही. पण ज्या माणसाने विजेचे नियोजन केले त्यानेच राज्याचा प्रत्येक अधिकार कायद्याच्या चौकटीत बांधला. वीज कंपनीची कुऱ्हाड त्या चौकटीबाहेर कशी?

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण ‘आम्हाला कुणाला विचारायची गरज नाही’ हे उत्तर कार्यकर्त्यांना नेहमी ऐकवले जाते.

विद्युत अधिनियम २००३ चे कलम ६८ काढून वाचा. तारेजवळचे झाड वीजपुरवठ्यात अडथळा आणत असेल तर कंपनीने कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे किंवा शासनाने ठरवून दिलेल्या प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, आणि आदेश त्याने द्यायचा. झाड जर तार टाकण्याच्या आधीपासून उभे असेल, तर त्या झाडात ज्याचे हित आहे त्याला भरपाई देण्याची आणि ती कंपनीकडून वसूल करण्याची तरतूद त्याच कलमात आहे. या कलमापुरते ‘झाड’ या शब्दात झुडूप आणि रानवाढही येते. म्हणजे नदीकाठचे गचपण कापले तरी तो विषय कायद्याच्या बाहेर जात नाही.

दुसरा कायदा महाराष्ट्राचा. नागरी क्षेत्रातील झाडांचे संरक्षण व जतन करणारा अधिनियम १९७५ चा आहे. त्यात झाड तोडणे याचा अर्थ फक्त बुंध्यावर घाव घालणे एवढाच नाही. झाड जाळणे किंवा त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही त्या व्याख्येत येते. एका बाजूच्या सगळ्या फांद्या साफ करून झाड लंगडे करणे ही इजा नाही तर काय आहे? याच कायद्याने वृक्ष प्राधिकरण आणि वृक्ष अधिकारी निर्माण केले आणि दर पाच वर्षांनी वृक्षगणना सांगितली. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला ‘हेरिटेज वृक्ष’ म्हणून वेगळे संरक्षण दिले. नदीकाठचे जुने वड, पिंपळ, उंबर, करंज यांतली कितीतरी झाडे या वयात बसतील. गणनेच्या यादीत त्यांची वये नीट नोंदली आहेत का, हे आपल्यापैकी किती जणांनी तपासले आहे?

नदीचा तो भाग अभयारण्यात असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागू होतो. गोदावरीवरचे नांदूर मध्यमेश्वर घ्या. २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची नोंद झाली. अशा अभयारण्यात अधिवासाला धक्का लावायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकाची परवानगी लागते. आणि अभयारण्याबाहेरही वन्य पक्ष्यांची घरटी किंवा अंडी विस्कटणे हे कायद्याच्या भाषेत ‘शिकार’ या शब्दात येते. आपल्याकडे रातबगळे, बगळे आणि पाणकावळे पावसाळ्यात नदीकाठच्या झाडांवर वसाहती करून घरटी बांधतात. उशिरा सुरू झालेली ‘मान्सूनपूर्व’ छाटणी जूनमध्ये रेंगाळली की कुऱ्हाड थेट त्या घरट्यांवर पडते. २०२२ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात महामार्गासाठी झाड पाडताना घरट्यांतली पिल्ले जमिनीवर आपटून मेली. ते दृश्य देशभर पाहिले गेले आणि गुन्हा दाखल झाला. त्या झाडाकडे आधी मान वर करून कुणी पाहिले असते तर ते टळले असते.

म्हणजे कायदे आहेत. मग अडते कुठे? अडते ते देखरेखीत, आणि देखरेख हे स्थानिक स्वराज्य संस्थेचे काम आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी वनीकरण आणि पर्यावरण संरक्षण हा विषय नगरपालिकांकडे दिला आहे. अकराव्या अनुसूचीत ग्रामीण विद्युतीकरण आणि विजेचे वितरण हा पंचायतींचा विषय म्हणून नोंदवला आहे. प्रत्यक्षात मात्र वीज कंपनी पालिकेला पत्र देते, पालिका मोघम परवानगी देते, कंपनी ठेकेदाराला काम देते, ठेकेदार पुन्हा पोटठेकेदाराला देतो. शेवटी झाडावर चढणारा माणूस आणि कायदा यांच्यात इतके हात येतात की जबाबदार कुणीच उरत नाही. भरीस भर म्हणजे २०२२ नंतर मुंबई, पुण्यासह अनेक महापालिका तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांच्या ताब्यात होत्या. वृक्ष प्राधिकरणाचा अध्यक्ष आयुक्त आणि महापालिकेचा प्रशासकही आयुक्तच. विचारणारा आणि उत्तर देणारा एकच माणूस असेल तर त्याला देखरेख म्हणत नाहीत.

‘स्थानिक’ या शब्दाला मात्र आपण भुलून चालणार नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी गावगाड्याच्या गौरवाची जी चिरफाड केली, ती विसरून कसे चालेल? सत्ता गावात किंवा प्रभागात आली म्हणून ती आपोआप न्यायी होत नाही. समितीत कोण बसतो यावर सगळे ठरते. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. २००४ च्या नियमांत तिच्यात किमान एकतृतीयांश महिला आणि किमान १८ टक्के अनुसूचित जाती-जमातींचे सदस्य नेमण्याची अट होती. तुमच्या गावातल्या, तुमच्या शहरातल्या त्या समितीत आपले कोण होते, आज कोण आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर आपली खुर्ची कुणीतरी परस्पर अडवली आहे.

‘नदी वाचवा’ म्हणणाऱ्या काही मंडळींशीही आम्हाला इथेच बोलायचे आहे. तुमचे झाडांवरचे प्रेम खरे असेल. पण तुमच्या निवेदनांत झाडावर चढणारा मजूर कुठे असतो? कोयता-करवत घेऊन चढणारा बहुतेक वेळा कंत्राटी, बहुतेक वेळा आपल्याच समाजातला, नाहीतर भटक्या-विमुक्त किंवा आदिवासी समाजातला. लाइन खरोखर बंद केली आहे का, तारेला अर्थिंग केले आहे का, हे त्याला कुणी सांगत नाही. कमरेला पट्टा नाही, डोक्याला हेल्मेट नाही, हजेरीपटावर नाव आहे की नाही ठाऊक नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर टाकली. हे तत्त्व मजुरीला लागू पडते, तर जिवाला का नाही? गटार असो की झाडाचा शेंडा, धोक्याचे काम ठरावीक समाजांच्याच वाट्याला येते, यामागे जात आहे.

मजूर उतरला, ट्रक गेला की पुढचा धोका खालच्या घरांचा. एका बाजूने भादरलेल्या झाडाचा तोल जातो. चुकीच्या जागी घेतलेल्या कापात पाणी मुरून लाकूड कुजते, आणि दोन-चार पावसाळ्यांनी ते झाड पत्र्यावर येते. तोडलेल्या फांद्या काठावर टाकून दिल्या तर त्या पुरात वाहून छोट्या पुलांच्या कमानीत अडकतात, पाणी तुंबते आणि आधी आपल्या घरात शिरते. मग बातमी छापून येते की झोपड्यांमुळे नदीचा प्रवाह अडला!

उपाय नाहीत असे नाही. उघड्या तारांऐवजी आवरण असलेली एबी केबल टाकली तर फांदी घासली म्हणून लगेच वीज जात नाही आणि छाटणीची गरज खूप कमी होते. ही केबल काही नवी नाही. आकडे टाकून होणारी वीजचोरी रोखायला ती गरीब वस्त्यांमध्ये टाकली जातेच. गरिबावर संशय असला की केबलला पैसे मिळतात, मग नदीकाठचे झाड आणि मजुराचा जीव वाचवायला का मिळत नाहीत?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत.

एक, पूररेषेच्या आत छाटणी करण्यापूर्वी झाडांची यादी, कारण आणि परवानगीची प्रत वस्तीत आणि प्रभाग कार्यालयात मराठीत लावा.

दोन, काम चालू असताना वृक्ष अधिकाऱ्याचा जबाबदार माणूस हजर हवा, आणि आधीचे व नंतरचे फोटो नोंदीत हवेत.

तीन, लाइन बंद केल्याची लेखी नोंद, सुरक्षा साधने, विमा आणि हजेरीपटावर नाव असल्याशिवाय एकही मजूर झाडावर चढणार नाही.

चार, छाटणी हिवाळ्यातच उरकावी, आणि हंगाम कोणताही असो, आधी घरटी तपासावीत.

पाच, फांद्या त्याच दिवशी उचलाव्यात आणि लाकडाचा हिशेब जाहीर करावा.

सहा, नदीकाठच्या वाहिन्यांवर एबी केबल किंवा भूमिगत केबल टाकण्याचा कालबद्ध आराखडा करावा.

या मागण्या कुणी ताटात वाढून देणार नाही. महाडचा इतिहास आपल्याला पाठ आहे, पण त्यातली नगरपालिका आपण विसरतो. १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव कायदेमंडळात मंजूर झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. तरीही पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांसोबत हजारो माणसे तळ्याची पायरी उतरली तेव्हा. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो ठराव मागेही घेतला. कागदावरचा ठराव लोकांच्या रेट्याशिवाय मुका असतो, आणि रेटा ओसरला की तो फिरवताही येतो. नदीकाठच्या झाडांबाबतचे कायदे आज अशाच मुक्या अवस्थेत आहेत.

म्हणून वस्तीतल्या तरुणांना आमचे सांगणे आहे. छाटणीचा हंगाम येण्याआधीच माहितीच्या अधिकारात पालिकेकडे आणि वीज कंपनीकडे अर्ज टाका. परवानगी, ठेकेदाराचा कार्यादेश, मजुरांचा हजेरीपट, विम्याची कागदपत्रे, लाकडाच्या लिलावाची नोंद, सगळे मागा. उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे, ती संपली की अपील करा. वस्तीतली झाडे स्वतः मोजा, फोटो काढून ठेवा. आणि ट्रक आला की झाडावरच्या मजुराशी भांडू नका. तो आपला माणूस आहे. त्याला आधी विचारा, दादा, लाइन बंद आहे ना? मग खाली उभ्या असलेल्या साहेबाकडे वळा आणि परवानगीचा कागद मागा.

निळी रेषा आम्हाला लागू असेल, तर ती त्यांनाही लागू झाली पाहिजे.

जय भीम!