लंडनची खोली, रत्नागिरीचे गुडघे

एप्रिल उजाडला की रत्नागिरीतल्या काही घरांत लंडनवारीची तयारी सुरू होते. मुलगा किंवा लेक तिकडे नोकरीला असते. तिचे बिऱ्हाड एका खोलीचे, म्हणून आईवडिलांसाठी जवळपास हॉटेल घेतले जाते. ते मुलेच निवडतात, आणि निवडताना पाहतात छायाचित्रे, भाडे व स्टेशनाचे अंतर. आईवडील फोनवर म्हणतात, ‘‘आम्हाला काहीही चालेल.’’ या वेळचा लेख त्या एका वाक्याविषयी आहे.

माझ्या परिचयातील एका निवृत्त शिक्षकांनी हेच वाक्य उच्चारले होते. पॅडिंग्टन भागातील त्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर होती, लिफ्ट नव्हती आणि न्हाणीघरात टब होता. चौथ्या रात्री टबाबाहेर पाऊल टाकताना ते घसरले व मनगट मोडले. गुडघेदुखी त्यांना दोन वर्षे होती. मुलाला ती त्या रात्री प्रथम कळली.

पॅडिंग्टनची निवड मुळात चुकीची नव्हती. हीथ्रो विमानतळावरून एलिझाबेथ लाइन थेट तेथे येते, सुमारे अर्ध्या तासात, आणि या मार्गाच्या प्रत्येक स्थानकात रस्त्यापासून फलाटापर्यंत जिना न चढता जाता येते. जुन्या भुयारी रेल्वेच्या मात्र साधारण एक तृतीयांश स्थानकांतच ही सोय आहे. ज्या सेंट मेरीज रुग्णालयात १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध लागला, ते स्टेशनाच्या अगदी शेजारी आहे. अडचण आहे ती इमारतींची. त्या भागातील कित्येक लहान हॉटेले एकोणिसाव्या शतकातील उंच, अरुंद घरांत थाटलेली आहेत. दाराशीच चार-पाच पायऱ्या, आत चिंचोळा जिना. लिफ्ट असली तरी कधी ती अर्धा जिना चढल्यावर सुरू होते आणि तीत दोन माणसे व एक बॅग कशीबशी मावते.

म्हणून खोली ठरवण्यापूर्वी हॉटेलला लेखी विचारावे : रस्त्यापासून खोलीच्या दारापर्यंत एकूण पायऱ्या किती? टब आहे की जमिनीलगतचा शॉवर, आणि धरायला दांडा आहे का? नुसते ‘लिफ्ट आहे’ हे उत्तर पुरेसे मानू नये. ज्यांना रात्री दोन-तीनदा उठावे लागते, त्यांनी सामाईक स्वच्छतागृहाची स्वस्त खोली घेऊच नये. इन्सुलिनसाठी खोलीत फ्रीज हवा. मात्र बर्फाच्या कप्प्याला चिकटून ते ठेवू नये, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन वापरता येत नाही. (एक प्लास्टिकचा मग घरूनच न्यावा. तिकडे तो मागून मिळेलच असे नाही, आणि मागायचा संकोच वेगळाच.)

जेवणाचा प्रश्न याहून नाजूक आहे. उन्हाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यामागे साडेचार तास असते. तिथले रात्रीचे साडेसात म्हणजे आपल्या शरीराची मध्यरात्र. पहिले तीन-चार दिवस संध्याकाळी पाचलाच भूक लागते आणि पहाटे तीनला जाग येते. इन्सुलिन अथवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांच्या बाबतीत लांबलेले जेवण धोक्याचे ठरते. डोसाच्या वेळा निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात. लंडनमध्ये साडेपाच-सहाला जेवण देणारी उपाहारगृहे सहज सापडतात. पॅरिसमध्ये बहुतेक स्वयंपाकघरे सातनंतर सुरू होतात, माद्रिदमध्ये त्याहूनही उशिरा. माझे मत विचाराल तर चार ठिकाणे कमी पाहावीत, पण छोट्या स्वयंपाकघराची खोली घ्यावी. रात्री मुगाची खिचडी करता आली की निम्मी चिंता मिटते.

बाहेर जेवताना ‘व्हेजिटेरियन’ या शब्दात तिकडे अंडे बसते, हे ध्यानात ठेवावे. भाज्यांच्या सूपात कोंबडीचा अर्क असू शकतो; विचारून घ्यावे. शेंगदाणे, तीळ, मोहरी, दूध अशा १४ ॲलर्जीकारक पदार्थांची माहिती देणे उपाहारगृहांना कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा विचारण्यात संकोच नको. युस्टन स्टेशनाजवळच्या ड्रमंड स्ट्रीटवर शाकाहारी भारतीय जेवण मिळते. आणखी एक गोष्ट मुलांच्या लक्षात येत नाही : लंडनच्या अनेक उपाहारगृहांत स्वच्छतागृह तळघरात, उभ्या जिन्याखाली असते. टेबल राखून ठेवतानाच ते विचारावे. कानात यंत्र असेल तर कोपऱ्यातले टेबल मागावे.

आरोग्यविम्यात मधुमेह, रक्तदाब, पूर्वीची शस्त्रक्रिया, सारे नोंदवावे. आपत्कालीन विभागातील उपचारांचे पैसे तिथे पाहुण्यांकडून घेत नाहीत, परंतु दाखल करून घेतले की बिल सुरू होते, आणि ते मोठे असते.

शिक्षकांचे मनगट आता बरे आहे. पुढच्या वेळी मुलाने पॅडिंग्टनलाच, पण तळमजल्यावरची, शॉवरची खोली घेतली. तिथून सावकाश चालत ते लिटल व्हेनिसच्या कालव्याजवळील हॉवली प्लेसला गेले. तेथील १० क्रमांकाच्या घरात १९१८-१९ साली लोकमान्य टिळक राहत होते. रत्नागिरीत जन्मलेले टिळक चिरोल खटल्यासाठी तिकडे गेले, तेव्हा बासष्ट वर्षांचे होते आणि मधुमेहीही. घरावर त्यांच्या नावाची निळी पाटी आहे. ती फुटपाथवर उभे राहूनच वाचता येते. पायरी चढावी लागत नाही.