कात, कुडी आणि काळाचे स्वामी

परवा आमच्या वसतिगृहात एका शब्दावरून रात्री एक वाजेपर्यंत वाद झाला. विषय परीक्षेचा नव्हता, राजकारणाचा नव्हता, मेसच्या आमटीचाही नव्हता. 'डॉक्टर हू' या इंग्रजी मालिकेचा नायक हा शेकडो वर्षे जगणारा परग्रहवासी. तो मरणाच्या दारात पोचला की त्याची कुडी बदलते. त्याच जागी निराळ्या चेहऱ्याचा, निराळ्या स्वभावाचा माणूस उठून बसतो. आठवणी मात्र जुन्याच. इंग्रजीत याला 'रिजनरेशन' म्हणतात. मराठीत काय म्हणावे, एवढाच प्रश्न होता. मित्र म्हणाले, "काहीही म्हण, काय फरक पडतो?" फरक पडतो, हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

आधी या शब्दाची जन्मकथा पाहू. मालिका १९६३ साली बीबीसीवर सुरू झाली. मुख्य नट विल्यम हार्टनेल यांची प्रकृती ढासळू लागली, तेव्हा १९६६ मध्ये पॅट्रिक ट्रॉटन यांना त्याच भूमिकेत आणले गेले. म्हणजे कल्पना जन्मली ती नड म्हणून. त्या वेळी नायक स्वतःबद्दल 'नूतनीकरण झाले' अशा अर्थाचे बोलतो. १९६९ मध्ये त्याचेच जातभाई, काळाचे स्वामी म्हणवणारे टाइम लॉर्ड, त्याच्यावर खटला भरतात आणि पृथ्वीवर हद्दपार करताना त्याचा चेहराही बदलून टाकतात. तिथे शब्द येतो 'रूपबदल' अशा अर्थाचा. 'रिजनरेशन' हा शब्द आला थेट १९७४ मध्ये. घटना आठ वर्षे आधी, बारसे मागाहून!

आता गंमत पाहा. नाव पडले आणि दोनच वर्षांत, १९७६ च्या एका कथेत, नियम आला : असे बदल फक्त बारा. ज्याला नाव नव्हते त्याची मोजदाद कोण करणार? नाव मिळताच हिशेबाची वही उघडली. पुढे नट बदलत गेले, शिल्लक संपत आली आणि अखेर २०१३ मध्ये टाइम लॉर्डांकडून नायकाला नवे दान मिळवून देण्याची वेळ लेखकांवर आली. शब्द हे नुसते लेबल नसते. आत काय आहे, हेही तो हळूहळू ठरवू लागतो.

मराठीकडे वळू. आपण या बाबतीत दरिद्री नाही. आपल्याकडे 'पुनर्जन्म' आहे. पण त्यात मागची स्मृती पुसली जाते. 'परकायाप्रवेश' आहे, शंकराचार्यांनी अमरू राजाच्या मृत देहात प्रवेश केल्याची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. पण तिथे देह दुसऱ्याचा असतो. 'स्टार ट्रेक'मधला डॅक्स नावाचा जीव एका यजमानाच्या देहातून दुसऱ्याच्या देहात जातो, त्याला हा शब्द बराचसा लागू पडेल. हवे ते रूप घेणाऱ्यांसाठी 'इच्छाधारी' आहेच. 'कायाकल्प' आहे, पण च्यवन ऋषी तरुण झाले तरी च्यवनच राहिले. आणि 'कायापालट' हा शब्द वर्तमानपत्रांनी बसस्थानकांच्या रंगरंगोटीसाठी वापरून वापरून गुळगुळीत करून टाकला आहे.

आमच्यातल्या विज्ञानशाखेच्या मित्राने 'पुनर्जनन' सुचवले. पाठ्यपुस्तकात तोच शब्द आहे. मी म्हटले, पालीचे शेपूट तुटले की पुन्हा शेपूटच येते, दुसरे काही येत नाही. त्यावर तो म्हणाला, नव्या शेपटात मणक्यांऐवजी कूर्चेची नळी असते. दिसायला तेच, आतून वेगळे. मुद्दा बिनतोड होता. तरीही मला तो शब्द पटत नाही, कारण त्यात अवयव आहे, माणूस नाही.

माझ्या मते यासाठी शब्द आपल्या बांधावरच पडलेला आहे : 'कात टाकणे'. कात टाकण्यापूर्वी सापाचे डोळे दुधाळ होतात, त्याला नीट दिसत नाही, तो चिडचिडा होतो. मग दगडाला तोंड घासून तो जुनी कातडी उलटी करून सोडून देतो. स्वभाव बदलत नाही, हे उणे मी मान्य करतो. पण हा शब्द दोन गोष्टी ठामपणे सांगतो : उरला तो तोच आहे, आणि टाकली ती त्याने स्वतः. १९६९ च्या त्या शिक्षेला मात्र मी 'कात टाकणे' म्हणणार नाही. ती कात ओरबाडली होती.

हे मला सुचले ते आजीमुळे. माहेरी ती गंगू. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले गेले आणि ती सुशीला झाली. लोक म्हणत, बाईचा हा दुसरा जन्म. साठ वर्षे घरात तिला कोणी गंगू म्हटले नाही. पण दर भाऊबिजेला तिचा भाऊ दारातूनच "गंगे!" अशी हाक मारी, आणि गुडघे दुखत असतानाही ती पहिल्या हाकेला उठे. दुसरा जन्म झाला असता तर ओ कोणी दिली असती? तिने कात टाकली होती की तिची कात ओरबाडली होती, हे मी कधी विचारले नाही. आता विचारायला ती नाही.

१९७४ सालीच जयंत नारळीकरांनी टोपणनावाने लिहिलेल्या 'कृष्णविवर' या कथेला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत बक्षीस मिळाले. ब्रह्मांडातल्या एवढ्या अवघड गोष्टीला आपल्या भाषेत शब्द मिळाला आणि तो रुळला. तेव्हा उद्या आपल्यापैकी कोणी परग्रहवासीयांची कथा लिहायला बसला, तर कोश उघडण्यापूर्वी त्याने स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. या बदलात उरले कोण? आणि बदल घडवला कोणी? उत्तरे मिळाली की शब्द आपोआप सापडेल. आम्हांला तो रात्री एक वाजता सापडला. मित्रांना अजून मान्य नाही, ही गोष्ट वेगळी.