विश्लेषण: कॅम्परव्हॅनला लिथियम बॅटरी बसवताय? आधी चार्जरचा हिशेब करा!

व्हॅनच्या मागच्या सीट काढायच्या, बेड बसवायचा, छोटा फ्रिज, पंखा, दिवे आणि मोबाइल चार्जिंगची सोय करायची आणि निघायचं. कॅम्परव्हॅनची ही हौस आता महाराष्ट्रातही चांगलीच रुजते आहे. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरणही आणलं. अशा गाडीत दुसऱ्याच दिवशी फ्रिज बंद पडला की जवळपास प्रत्येक जण एकच सल्ला देतो : लिथियम बॅटरी टाक.

सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. बॅटरी बदलली आणि ती चार्ज करणारी यंत्रणा जुनीच ठेवली, तर पैसे वाया जाऊ शकतात आणि गाडीचा अल्टरनेटरही जळू शकतो. माझं मत स्पष्ट आहे : बजेट अपुरं असेल तर बॅटरी लहान घ्या, पण चार्जर आणि वायरिंगमध्ये काटकसर करू नका.

जुनी व्यवस्था कशी असते?

कॅम्परव्हॅनमध्ये दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करणारी, दुसरी मागच्या 'घरा'साठी. इंजिन चालू झालं की अल्टरनेटर पहिली बॅटरी चार्ज करतो आणि एक साधा रिले दोन्ही बॅटऱ्या जोडून देतो. इंजिन बंद झालं की रिले त्या वेगळ्या करतो, म्हणजे रात्री फ्रिजने मागची बॅटरी संपवली तरी सकाळी गाडीला सेल्फ बसतो.

दोन्ही बॅटऱ्या लेड-ॲसिड असतील तोवर हे ठीक चालतं. घरच्या इन्व्हर्टरला असते तीच ही जात. ती जसजशी भरत जाते तसतसा करंट कमी घेते, त्यामुळे अल्टरनेटरवर फार वेळ ताण राहत नाही. तोटा असा की शेवटचा २० टक्के भाग भरायला काही तास लागतात. शिवाय ती वारंवार निम्म्याच्या खाली उतरवली तर लवकर खराब होते. म्हणजे १०० एएचच्या बॅटरीतून वापरायला मिळतात साधारण ५० एएच.

लिथियम लावल्यावर काय बदलतं?

गाड्यांमध्ये घरगुती वापरासाठी बहुतेक वेळा लिथियम आयर्न फॉस्फेट म्हणजे एलएफपी बॅटरी लावतात. ती हलकी असते, ८० टक्क्यांहून जास्त वापरता येते आणि हजारो वेळा चार्ज करता येते. तिचा अंतर्गत रोध खूप कमी असतो. त्यामुळे समोरून मिळेल तेवढा करंट ती जवळजवळ भरेपर्यंत घेत राहते.

अडचण इथेच येते. गाडीचा अल्टरनेटर तासन् तास पूर्ण क्षमतेने चालण्यासाठी बनवलेला नसतो. घाटात ट्रॅफिकमध्ये अडकलात की इंजिन आयडलिंगवर असतं, अल्टरनेटरचा पंखा हळू फिरतो आणि हवा कमी मिळते. बॅटरी मात्र करंट ओढतच राहते. अशा वेळी अल्टरनेटर तापून त्याचे डायोड किंवा वाइंडिंग जळू शकतं.

दुसरा धोका अचानक येतो. लिथियम बॅटरीत बीएमएस नावाचं संरक्षक सर्किट असतं. व्होल्टेज किंवा तापमान मर्यादेबाहेर गेलं की ते बॅटरी एका क्षणात तोडतं. मोठा करंट असा अचानक थांबला की व्होल्टेज उसळी घेतं आणि त्यात अल्टरनेटरचे डायोड किंवा इतर इलेक्ट्रॉनिक्स खराब होऊ शकतात.

तिसरी गोष्ट अनेकांच्या लक्षातच येत नाही. आरामात असलेल्या लिथियम बॅटरीचं व्होल्टेज साधारण १३.२ असतं, लेड-ॲसिडचं १२.७. व्होल्टेज बघून चालणाऱ्या रिलेला इंजिन बंद झालं तरी ते चालूच आहे असं वाटतं. दोन्ही बॅटऱ्या जोडलेल्याच राहतात आणि मागची वीज पुढे जात राहते.

नवीन गाड्यांमध्ये वेगळी अडचण?

हो. इंधन वाचवण्यासाठी बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये 'स्मार्ट' अल्टरनेटर असतो. पुढची बॅटरी भरली की गाडीचा संगणक त्याचं व्होल्टेज १२.५च्या आसपास उतरवतो आणि वेग कमी करताना ते १५ व्होल्टपर्यंत चढवतो. लिथियम बॅटरी नीट भरायला सुमारे १४.२ ते १४.६ व्होल्ट लागतात. मग पाच तास गाडी चालवूनही मागची बॅटरी अर्धीच भरलेली सापडते आणि दोष बॅटरी कंपनीला दिला जातो.

मग उपाय काय?

डीसी-टू-डीसी चार्जर. तो रिलेच्या जागी, दोन बॅटऱ्यांच्या मध्ये बसतो आणि अल्टरनेटरकडून कितीही व्होल्टेज आलं तरी मागच्या बॅटरीला हवं तेच देतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो करंटला मर्यादा घालतो. ३० अँपिअरचा चार्जर ठरलेल्यापेक्षा जास्त ओढत नाही, त्यामुळे अल्टरनेटर सुरक्षित राहतो. स्मार्ट अल्टरनेटर असेल तर चार्जरला इग्निशनची वायर जोडून घ्या, म्हणजे तो व्होल्टेजच्या चढउताराने फसत नाही.

३० अँपिअर कमी वाटतात? हिशेब करून बघू. लहान फ्रिजला दिवसाला सुमारे ४० एएच, रात्रभर पंख्याला १६, दिवे-मोबाइल-पाण्याच्या पंपाला १०. एकूण ६६ एएच. पुण्याहून महाबळेश्वरला जायला साधारण तीन तास लागतात, तेवढ्यात ३० अँपिअरने ९० एएच परत भरतात. म्हणजे रोज थोडा प्रवास असेल तर १०० एएचची एक बॅटरी पुरते. इंडक्शन शेगडी किंवा एसी चालवायचा असेल तर हे गणित पूर्ण बदलतं.

सोलर लावलं तर चालणार नाही का?

उन्हाळ्यात उत्तम चालतं. पण कोकणात जुलैमध्ये किंवा सावलीत पार्क केल्यावर पॅनेल क्षमतेच्या थोड्याच भागावर काम करतं. सोलर ही जोड आहे, मुख्य भरवसा चार्जरवरच हवा. सोलरचा कंट्रोलर आणि २३० व्होल्टच्या प्लगवरचा चार्जर, दोन्हींवर लिथियमचं सेटिंग आहे का, हेही तपासा. लेड-ॲसिडसाठी असलेला 'इक्वलायझेशन' मोड लिथियमसाठी बंदच हवा.

वायर आणि फ्यूजचं काय?

सगळ्यात जास्त कंजुषी इथेच होते. दोन्ही बॅटऱ्यांमध्ये पाच मीटर अंतर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर तांब्याची वायर लागते. ६ चौरस मिलिमीटरच्या वायरमधून ३० अँपिअर नेले तर जवळपास ०.९ व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि वायर गरम होते ती वेगळीच. १६ चौरस मिलिमीटरची घेतली तर हे नुकसान सुमारे ०.३ व्होल्टवर येतं.

फ्यूज वायरच्या दोन्ही टोकांना, बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ हवा. कारण दोन्ही टोकांना वीज आहे. वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर एका बाजूचा फ्यूज दुसऱ्या बाजूची आग रोखत नाही. आणि या गाडीत माणसं झोपतात, हे विसरू नका.

प्रत्येकाने हा खर्च करावा का?

नाही. वर्षातून चार वीकेंड आणि दर रात्री रिसॉर्टचा प्लग, एवढाच वापर असेल तर चांगली लेड-ॲसिड बॅटरी आणि एक दर्जेदार चार्जर पुरेसा आहे. लडाख-स्पितीला हिवाळ्यात जाणाऱ्यांनी तर लिथियम घेण्याआधी दोनदा विचार करावा. शून्य अंशाखाली ती चार्ज केली तर आतल्या सेलना कायमची इजा होते. लो-टेम्परेचर कट-ऑफ किंवा हीटर असलेलीच बॅटरी तिथे न्यावी.

गाडी देण्याआधी काय विचाराल?

अल्टरनेटर किती अँपिअरचा आणि साधा की स्मार्ट? चार्जर किती अँपिअरचा? वायर किती जाडीची? फ्यूज कुठे आणि किती? या चार प्रश्नांची उत्तरं कोटेशनवर लिहून मागा. जो फक्त 'दोनशे एएच लिथियम' एवढंच सांगतो, त्याच्याकडे गाडी देऊ नका. आणि कॅराव्हॅन भाड्याने देणाऱ्यांनी वायरिंगचा एक पानी आराखडा गाडीतच ठेवावा. पर्यटक फर्निचर बघून पैसे देतो, पण त्याची रात्रीची सुरक्षितता त्या फर्निचरमागच्या वायरवर अवलंबून असते.