कुलूप जनतेचे, किल्ली कंपनीची

नाशिकच्या सीबीएस चौकालगतच्या झेरॉक्स आणि टंकलेखनाच्या टपऱ्यांपुढे सुरगाणा-पेठकडून आलेला माणूस हातात पेनड्राइव्ह घेऊन उभा असतो. माहितीच्या अधिकारात अर्ज करून, शुल्क भरून, एखादे अपील लढवून त्याने गावच्या वनहक्क दाव्यांची कागदपत्रे मिळवलेली असतात. टपरीवाला पेनड्राइव्ह संगणकाला लावतो आणि सांगतो, "दादा, ही रार फाईल आहे, आमच्याकडे नाही उघडत." दुसऱ्या टपरीवर ती उघडते, पण आत मराठीऐवजी इंग्रजी मुळाक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता उकिरडा. "याला ज्याने टाइप केलं त्याचाच फॉन्ट पाहिजे," असा निकाल मिळतो. कचेरीच्या दप्तरी मात्र माहिती दिल्याची नोंद आहे, खाली पोचही आहे. माणसाने एस.टी.चे भाडे आणि दिवसाची मजुरी घालवून एक कुलूप विकत घेतले, एवढाच त्याचा अर्थ.

फाईल कोणत्या सॉफ्टवेअरने बांधावी आणि कोणत्या सॉफ्टवेअरने सोडावी हा संगणक विभागाच्या कारकुनाने ठरवण्याचा किरकोळ तपशील आहे, असे सत्तेच्या वर्तुळात मानले जाते. विरोधी पक्षांनाही त्यात रस नाही. पण ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून जे हजारो शेतकरी आणि आदिवासी पायी मुंबईला निघाले, त्यांच्या मागण्यांत २००६ च्या वनाधिकार कायद्याच्या अंमलबजावणीची मागणी अग्रभागी होती. त्या कायद्याखालचा दावा पुराव्याच्या कागदावर उभा राहतो किंवा पडतो. कागद जेव्हा संगणकात गेला, तेव्हा तो वाचण्याचे साधन कोणाच्या मालकीचे हा प्रश्न जमिनीच्या प्रश्नाचाच एक पोटभाग झाला.

महाराष्ट्राला या दुखण्याची जुनी ओळख आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून मोडी गेली आणि पिढ्यानपिढ्यांची दप्तरे सर्वसामान्यांना मुकी झाली. आजही वतनाचा किंवा वाटणीचा जुना कागद निघाला की मोडी वाचणारा शोधावा लागतो. तरीही मोडी कोणाच्या बापाची नव्हती. चार महिने मन लावून शिकणाऱ्याला ती वाचता येते. त्यासाठी कोणाकडून परवाना घ्यावा लागत नाही. २०१४ साली तर तिला युनिकोडच्या जागतिक सारणीतही स्थान मिळाले. संगणकावर १९९० च्या आसपास सुरू झालेली 'फॉन्टची मराठी' मात्र मोडीपेक्षा अधिक दुष्ट निघाली, कारण तिची बाराखडी मालकांनी आपापल्या तिजोरीत ठेवली.

तिची रीत अशी. यंत्र अक्षरे साठवत नाही, आकडे साठवते. इंग्रजी अक्षरांसाठी ठरलेल्या आकड्यांच्या जागी प्रत्येक फॉन्टकर्त्याने मराठी अक्षरांचे तुकडे बसवले: कुठे अर्धा 'क', कुठे वेलांटी, कुठे रफार. 'कृतिदेव' फॉन्टात पडद्यावर 'क' दिसतो, पण यंत्राच्या पोटात इंग्रजी 'डी' असतो. 'श्रीलिपी'ची मांडणी निराळी, 'डीव्हीबी-टीटी सुरेख'ची त्याहून निराळी. एकाचा मजकूर दुसऱ्याला लावला की भाषेचा चुराडा होतो. काही पॅकेजांना तर संगणकाच्या पाठीमागे खोचायचे एक छोटे यंत्रही लागे. ते हरवले की स्वतःचेच लेखन स्वतःला परके होई. छापखान्याला याची फारशी झळ लागली नाही, कारण त्याला कागदावर शाई उमटल्याशी मतलब. झळ लागली ती ज्याला मजकूर शोधायचा आहे, जुळवून पाहायचा आहे, न्यायालयापुढे ठेवायचा आहे, त्याला.

हा सारा दोष खासगी कंपन्यांच्या माथी मारणे सोयीचे आहे, पण प्रामाणिक नाही. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेली सी-डॅक ही जनतेच्या पैशाने चालणारी संस्था. भारतीय लिपींसाठी 'इस्की' हे राष्ट्रीय मानक १९९१ साली जाहीर झाले. त्याची मूळ कल्पनाच अशी होती की सर्व भारतीय लिप्यांना एक सामाईक संकेत असावा. साधन होते, सरकारी संस्था होती, १९६४ चा राजभाषा अधिनियमही होता. तरीही सरकारी टेबलांवर निरनिराळ्या फॉन्टांची संस्थाने वाढली आणि त्यांत सी-डॅकच्या स्वतःच्या परवानाबद्ध फॉन्टांचेही एक संस्थान होते. सार्वजनिक क्षेत्राने सावकाराची भाषा शिकावी यासारखी शोकांतिका नाही. केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे अक्षर-मानक म्हणून अधिसूचित केले ते २००९ साली, म्हणजे मानक निघाल्यावर अठरा वर्षांनी! त्या अठरा वर्षांत टंकित झालेल्या मजकुराचे काय करायचे, याचे उत्तर पुष्कळशा कचेऱ्यांनी 'जुन्या फाईली' या दोन शब्दांत दिले आहे.

युनिकोड ही स्वर्गातून उतरलेली देणगी नाही. ज्या संघटनेच्या हाती ते आहे तिथे बड्या अमेरिकन कंपन्या वर्गणी भरून मतदान करतात, आणि मराठीच्या गरजा तिथे रांगेत उभ्या राहतात. 'ॲ' या अक्षराला स्वतंत्र घर मिळायला २००८ साल उजाडले. पण एक गोष्ट निर्विवाद आहे: तिथले कोष्टक छापून उघड्यावर ठेवलेले आहे. 'क' चा आकडा काय, हे नाशिकच्या विद्यार्थ्यालाही कोणाला पैसे न देता समजते आणि तो त्यावर स्वतःचे साधन रचू शकतो. भांडण करायचे तर अशा उघड्या कोष्टकाशी करता येते. तिजोरीतल्या कोष्टकाशी करता येत नाही.

फाईल दाबून लहान करण्याच्या विद्येचीही कथा याच वळणाची आहे. ही विद्या कोणा कंपनीच्या पोटातून जन्मली नाही. डेव्हिड हफमन यांनी १९५२ साली आणि याकोब झिव व अब्राहम लेम्पेल यांनी १९७७-७८ साली आपल्या पद्धती विद्वानांच्या नियतकालिकांतून सर्वांसमोर ठेवल्या. पुढे त्यांतल्याच एका सुधारित रूपावर अमेरिकेत पेटंट घेतले गेले आणि १९९४ च्या अखेरीस, चित्रांच्या 'जिफ' फाईली जगभर रुळल्यानंतर, परवाना शुल्काची मागणी पुढे आली. ते पेटंट अमेरिकेत संपले २००३ साली. दरम्यान जगभरच्या कार्यकर्त्यांनी 'पीएनजी' हे मुक्त स्वरूप १९९६ पर्यंत उभे केले होते. आधी सवय लावायची आणि नंतर व्याज वसूल करायचे, ही रीत निफाडच्या द्राक्षबागायतदाराला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

आजचा व्यवहार पाहावा. 'झिप' हे स्वरूप १९८९ पासूनचे. त्याचा तपशील प्रसिद्ध आहे आणि ते उघडण्याची सोय विंडोजमध्ये व लिनक्समध्ये सहसा आयतीच असते. 'रार' हे स्वरूप एका मालकाचे. ते उघडण्याचे साधन मोफत मिळते, बांधण्याचे मात्र परवान्याचे. आणि उघडणारा संकेत वाचून बांधणारे साधन तयार करण्यास परवान्यातच मनाई आहे. चाळीस दिवस वापरा, मग पैसे भरा, असा त्या सॉफ्टवेअरचा करार आहे. चाळीस दिवसांनंतरही ते चालत राहते आणि रोज आठवण करून देते. म्हणजे जी सरकारी कचेरी पैसे न भरता रार फाईली बांधत बसते, ती कराराचा भंग करते आणि तोच भंग नागरिकाच्याही गळ्यात घालते. इगोर पावलोव यांनी १९९९ साली सुरू केलेले 'सेव्हन-झिप' संकेतासह मोफत उपलब्ध असताना हे घडावे, याला आळसाखेरीज दुसरे नाव नाही.

युनिकोडमुळे मराठी मजकूर तिप्पट जागा खातो, अशी एक तक्रार अजूनही ऐकू येते. ती अर्धसत्य आहे. प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे होते हे खरे. पण त्यांतला पहिला बाइट दर वेळी तोच असतो आणि दुसरा दोहोंपैकी एक. अशी पुनरुक्ती पिळून काढण्यासाठीच झिपचा जन्म झाला आहे. मजकूर युनिकोडात ठेवून झिपमध्ये बांधला की त्या तक्रारीत फारसा दम उरत नाही.

राहिला प्रश्न भरवशाचा. 'फुकटाचे ते कसले सुरक्षित?' असे विचारणाऱ्या अधिकाऱ्याने २०१९ साल आठवावे. विनरार या सॉफ्टवेअरमध्ये 'एस' नावाच्या एका जुन्या स्वरूपासाठी दुसऱ्याने लिहिलेला एक तुकडा बसवलेला होता. त्यातले भगदाड सुमारे एकोणीस वर्षे कोणाच्या लक्षात आले नाही. ते उघडकीस आले तेव्हा विनरारकर्त्यांना ते बुजवता येईना, कारण त्या तुकड्याचा मूळ संकेत त्यांच्यापाशी नव्हताच. शेवटी त्या स्वरूपाचा पाठिंबाच काढून टाकावा लागला.

मात्र मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनीही छाती फुगवू नये. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या मुक्त दाबसाधनात मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा सापडला. ज्या साधनावर जगभरच्या सर्व्हरांचा भार, त्याची देखभाल एक थकलेला माणूस बिनपगारी करत होता. बनावट नावाने मदतीला आलेल्या कोणी दोनेक वर्षांत त्याचा विश्वास संपादन करून डाव साधला. संकेत उघडा होता, म्हणून अँड्रेस फ्रॉईंड या अभियंत्याला अर्ध्या सेकंदाच्या विलंबाचा माग काढत तिथवर पोचता आले. पण तो अर्धा सेकंद त्याला खटकला नसता तर? बड्या कंपन्यांनी या फुकट श्रमावर इमले बांधले आणि श्रमिकाला वाऱ्यावर सोडले. मुक्त साधन म्हणजे बिनमोलाचे श्रम, असा अर्थ सरकारनेही लावला तर ते त्याच शोषणात भागीदार होईल. परवान्यांवर खर्च होणाऱ्या रकमेचा एक हिस्सा अशा साधनांची देखभाल करणाऱ्यांना पगार म्हणून गेला पाहिजे.

नाशिकपुरते पाहिले तर काम अवाढव्य नाही. जिल्ह्यातील प्रत्येक कचेरीतून बाहेर जाणारा मजकूर युनिकोडात आणि गठ्ठा झिपमध्ये असावा. जुन्या फॉन्टांतील फाईली रूपांतरित कराव्यात, आणि ज्या कोष्टकाने ते रूपांतर केले ते कोष्टकही जाहीर करावे, म्हणजे झालेल्या चुका लोकांना पकडता येतील. पोटफोड्या 'ष' चा 'श' झाला तर हसण्यावारी नेता येते. गट क्रमांकातील एक आकडा निसटला तर शेत जाते. यासाठी नवे महामंडळ नको, मंत्र्यांच्या हस्ते फीत कापणेही नको. शहरातल्या तंत्रनिकेतनांतील विद्यार्थ्यांना मानधन देऊन, तलाठी आणि ग्रामसेवकांच्या देखरेखीखाली हे काम तालुक्यागणिक करता येईल.

तोवर अर्जदाराच्या हाती एक साधन आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ७(९) नुसार, साधनसामग्रीवर अवास्तव ताण पडत नसेल किंवा अभिलेखाच्या सुरक्षिततेला बाध येत नसेल, तर माहिती ज्या स्वरूपात मागितली त्याच स्वरूपात सामान्यतः द्यावी लागते. 'माहिती युनिकोड मराठीत व झिप स्वरूपात मिळावी' हे एक वाक्य यापुढे प्रत्येक अर्जात असावे. ते नाकारणाऱ्या अधिकाऱ्याला, कोणता अवास्तव ताण पडला हे प्रथम अपिलात आणि त्यानंतर राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठापुढे सांगावे लागेल.