पत्र्याखालची अळी

शेंद्र्यावरून जालन्याला जाणाऱ्या रस्त्याने रेशीमकोषांची पोतीही जातात. २०१८ मध्ये जालन्यात कोषांची बाजारपेठ सुरू झाली आणि मराठवाड्यातल्या शेतकऱ्याची कर्नाटकातल्या रामनगरमची खेप वाचली. बाजार दाराशी आला, हे मोठेच काम झाले. पण उन्हाळ्यात विकायला कोष हवेत ना?

मोटारीला रंग देताना हवेची उष्णता आणि ओल काटेकोर सांभाळावी लागते, हे शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत कुणाला नव्याने सांगावे लागत नाही. जिवंत अळी मात्र याच भागात पत्र्याच्या शेडमध्ये वाढवली जाते. प्रौढ अळीला मानवते २४-२५ अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता. एप्रिल-मेमध्ये बाहेरचाच पारा चाळिशी ओलांडतो, मग तापलेल्या पत्र्याखाली काय होत असेल!

रानातला किडा ऊन चढले की पानाआड सरकतो, मातीच्या भेगेत शिरतो. हजारो वर्षे पाळून माणसाने रेशीमकीटकाला परावलंबी केले. रॅकवर टाकला तिथेच तो राहतो, समोरचा पाला खातो. उष्णतेपासून बचाव करायचा तर तो शरीराच्या आतच. उष्णतेने पेशीतल्या प्रथिनांची घडी बिघडू लागली की ती सावरणारी खास प्रथिने तयार होतात. या प्रतिसादाचा पहिला सुगावा इटलीच्या फेरुच्चो रितोसा यांना फळमाशीच्या पेशींत लागला. १९६२ साली त्यांनी तो प्रसिद्ध केला. पण हा बचाव फुकट होत नाही. रेशीम तयार करण्यावर खर्चायची ताकद जीव वाचवण्यात जाते. अळी पाला कमी खाते, कोष हलका भरतो. तापमान सतत वरखाली झाले की ग्रासरी या रोगाचा विषाणूही जोर धरतो. अंग सुजते, दुधासारखा द्रव गळतो आणि हाताशी आलेली बॅच जाते. ज्या दुबार संकरित जातींतून उत्तम प्रतीचे रेशीम मिळते, त्याच उष्णतेला अधिक हळव्या.

मग दोष अंडीपुंजांना दिला जातो, नाहीतर शेतकऱ्याच्या निष्काळजीपणाला. पण कारण तेवढेच नसते. फ्रान्समधल्या रेशीमकीटकांच्या साथीचा शोध लुई पाश्चर यांनी १८६५ पासून घेतला. पेब्रिन हा रोग निरोगी अंडी निवडून रोखता येतो, हे त्यांनी दाखवले. फ्लॅशरी या दुसऱ्या रोगाच्या बाबतीत मात्र कोंदट हवा, आंबलेला पाला, अळीला आलेला अशक्तपणा यांकडेही त्यांना पाहावे लागले. निर्जंतुकीकरण हवेच, पण भट्टीसारख्या शेडमध्ये ते एकटे पुरणार नाही.

मनरेगातून तुती लागवडीला आणि कीटक संगोपनगृहाला मदत मिळते, ही चांगली गोष्ट आहे. त्या मदतीत छपरावरचे पाचट, पांढरा रंग, हिरवी शेडनेट, पश्चिमेच्या अंगाला झाडे आणि वरून गरम हवा निघून जाईल असे झरोके धरलेच पाहिजेत. ओली गोणपाटे कोरड्या उन्हाळ्यात उपयोगी, पावसाळ्यात घातक. हा फरक बांधावर जाऊन सांगणारा माणूस हवा. आणि शेडची तपासणी सकाळच्या गारव्यात नको. मे महिन्यात दुपारी तीन वाजता अधिकाऱ्याने रॅकपाशी थर्मामीटर धरावा आणि तो आकडा पाहूनच शेडच्या पूर्णत्वाच्या दाखल्यावर सही करावी.