गॅरेज गाडीसाठी की माणसांसाठी?

'गॅरेज' या शब्दाचे आपल्याकडे दोन अर्थ आहेत. "गाडी गॅरेजला टाकलीय" म्हटलं की ती दुरुस्तीला गेली, आणि "गाडी गॅरेजमध्ये आहे" म्हटलं की घरीच आहे. फ्रेंचमधून इंग्रजीत आणि तिथून आपल्याकडे आलेला हा शब्द. त्याच्या आधीचा आपला शब्द गाडीखाना. पुण्यात त्या नावाचा भाग अजून आहे. असो. मास्तरकीची सवय, दुसरं काय! आज लिहायचं आहे ते घराच्या गॅरेजबद्दल, त्यातल्या फरशीबद्दल आणि दिव्यांबद्दल.

आमच्या पिढीने जे छोटे बंगले बांधले, त्यांच्या गॅरेजात गाडी असते आणि तिच्या कडेकडेने बाकीचा संसार असतो. गव्हाची कोठी, शिडी, नातवाची सायकल, गणपतीच्या मखराचं सामान. म्हणजे गाडी दिवसातून दोनदा आत-बाहेर करते, माणसं मात्र दहा वेळा. तरी सुधारणा करायची ठरली की सगळा विचार गाडीच्या थाटाचा!

आमच्याकडे सध्या हाच वाद चालू आहे. चिरंजीवांना गुळगुळीत, चकचकीत टाइल्स हव्यात. "बाबा, शोरूमसारखं दिसेल." माझं म्हणणं असं, की शोरूममध्ये आपण गाडी बघायला जातो, गॅरेजात आपण ओल्या चपलांनी, हातात काहीतरी घेऊन, घाईत चालतो. पावसाळ्यात गाडीखाली पाणी ठिबकतं, त्यात एखादा थेंब ऑइलचा. चकचकीत टाइलवर हे दोन्ही एकत्र आले की काय होतं ते आमच्या शेजारच्या वहिनींना विचारावं. मागच्या पावसाळ्यात नव्या फरशीवरून त्यांचा पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, वॉकर आला. रोज सकाळी फुलं काढायला साऱ्या गल्लीत फिरणाऱ्या या बाई; आता त्यांचं जग व्हरांड्याच्या दारापर्यंत. फरशी मात्र अजून सुंदर दिसते!

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. फरशी पायाला धरणारी हवी. खडबडीत शहाबादी, विनापॉलिशचा कोटा, झाडूचे वळ उठवलेला सिमेंटचा कोबा किंवा खास पार्किंगसाठी मिळणाऱ्या खरखरीत जाड टाइल्स, यांतलं काहीही चालेल. इपॉक्सीचा रंग हल्ली फार लावतात. दिसतो छान, पण जमिनीत ओल असेल तर तो फुगतो आणि सोलपटतो. आधी एक सोपी परीक्षा घ्यावी. दीड फूट लांबीरुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने जमिनीवर बंद करून दिवसभर ठेवायचा. खाली पाण्याचे थेंब जमले किंवा जमीन काळवंडली, तर इपॉक्सीचा नाद सोडावा. लावलाच तर त्यात वाळूसारखे बारीक कण मिसळून घ्यावेत.

फरशीइतकाच उतार महत्त्वाचा. दहा फुटांना दीड ते दोन इंच, तोही शटरकडे. आणि गॅरेजची जमीन घराच्या जमिनीपेक्षा एक पायरी खाली असावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते. ती घरात शिरू नये यासाठी ही पायरी कामाची. पण ती दिसायला हवी, नाहीतर तीच पाडते. तिच्या कडेला पिवळा पट्टा ओढायला खर्च तो किती!

चिरंजीवांचा मुद्दा असा, की खडबडीत फरशीवर डाग बसतात. बसतात, खरं आहे. इंजिनखाली एक पत्र्याचा ट्रे ठेवावा, सांडलेल्या ऑइलवर लगेच लाकडाचा भुसा टाकावा. ॲसिडने मात्र घासू नये. शहाबादी आणि कोटा हे चुनखडीचे दगड, ॲसिड त्यांना खातं. आणि डाग राहिला तर राहिला. डागाने कुणाचं हाड मोडत नाही.

आता उजेड. बहुतेक गॅरेजांत मधोमध एक दिवा असतो, आणि गाडी आत आली की तिच्या टपाचीच सावली दोन्ही बाजूंना पडते, नेमकी आपण उतरतो तिथे. त्यापेक्षा दोन्ही लांब भिंतींच्या वर एकेक चार फुटी एलईडी ट्यूब लावावी. वीस-वीस वॅटच्या दोन मिळून, चोकसकट जुनी एक ट्यूब जितकी वीज खायची त्याहून कमीच खातात. (निळ्या एलईडीच्या शोधाला 2014 सालचं नोबेल मिळालं ते उगीच नाही.) भिंतींना पांढरा रंग द्यावा. बटण दोन ठिकाणी हवं, घराच्या दाराशी आणि शटरपाशी, म्हणजे अंधारात चाचपडत जावं लागत नाही.

तरुणांना हे कमी उजेडाचं दुखणं कळत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जितका प्रकाश पोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीतल्या डोळ्यात पोचतो. मुलाला जिथे लख्ख दिसतं, तिथे आईला संधिप्रकाश असतो. घर एकच, खोली एकच, पण प्रत्येकाचा उजेड वेगळा.

पैसे मुलाचे आहेत, तेव्हा निर्णयही त्याचा. मी फक्त एवढंच सुचवलं आहे, की टाइल पसंत करायला दुकानात जाशील तेव्हा आईला सोबत ने. नमुन्यावर तांब्याभर पाणी ओतायला सांग आणि तिला त्यावर चपलेने उभं राहू दे. तिने "चालेल" म्हटलं तर माझी काही हरकत नाही.