ट्रान्सफॉर्मर वऱ्हाडातच गुंडाळा

मृग बरसला की वरुड-मोर्शीकडच्या रिवाइंडिंगच्या दुकानांतली गर्दी ओसरते. एप्रिल-मेमध्ये संत्र्याच्या बागा जगवायला बोअरवेलमधले पंप रात्रंदिवस चालतात, व्होल्टेज पडतं, मोटारी जळतात आणि वाइंडरला जेवायलाही सवड मिळत नाही. पाऊस लागला की तेच हात मोकळे होतात. या हातांनी एक काम करावं असं मला फार दिवसांपासून वाटतं: व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचे आउटपुट ट्रान्सफॉर्मर गुंडाळणं.

मी अमरावतीत कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असे. घरी व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर बांधण्याचा नाद तेव्हापासूनचा. असा नाद असलेली इथली आणि अकोल्याची जी मंडळी मला माहीत आहेत, ती पैसे घालतात काचेत आणि कपॅसिटरमध्ये. जुना, नामांकित कंपनीचा व्हॉल्व्ह मिळवायला धडपडतात, सोन्याचा मुलामा दिलेले सॉकेट मागवतात आणि ट्रान्सफॉर्मर मात्र एखाद्या मोडक्या रेडिओतला काढून बसवतात. हा क्रम मला उलटा वाटतो. आवाजाचा कस सगळ्यात जास्त लागतो तो त्या लोखंडात.

मी बोलते आहे ते सिंगल-एंडेड अ‍ॅम्प्लिफायरबद्दल, म्हणजे शेवटच्या टप्प्यात एकच व्हॉल्व्ह, आणि तो सतत पूर्ण प्रवाह ओढणारा. नेहमीचा ईएल८४ घ्या. २५० व्होल्टवर त्यातून सुमारे ४८ मिलिअँपिअर वाहतात, गाणं चालू असो वा नसो. बारा वॉटच्या आसपास उष्णता, आणि स्पीकरला जेमतेम पाच वॉट. व्हॉल्व्हला समोर पाच हजार ओहमचा भार हवा असतो आणि स्पीकर असतो आठ ओहमचा. या दोघांची गाठ घालून देतो तो ट्रान्सफॉर्मर. ५००० भागिले ८ म्हणजे ६२५, त्याचं वर्गमूळ २५, हेच फेऱ्यांचं प्रमाण. व्हॉल्व्हकडच्या गुंडाळीचे, म्हणजे प्रायमरीचे, अडीच हजार फेरे असतील तर स्पीकरकडच्या सेकंडरीचे शंभर. इतकं गणित दहावीच्या मुलाला येतं.

पुढची गोष्ट मात्र हाताची आहे. पुश-पुल अ‍ॅम्प्लिफायरमध्ये दोन व्हॉल्व्हचे प्रवाह ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी गाभ्यात एकमेकांविरुद्ध जातात आणि त्यांचं चुंबकत्व परस्पर फिटतं. इथे प्रवाह एकाच दिशेने वाहत राहतो, गाभा आधीच चुंबकत्वाने भरून जातो आणि खालचे सूर दबतात. म्हणून गाभ्यात मुद्दाम फट ठेवावी लागते. सगळ्या ई-पत्र्या एका बाजूला, सगळ्या आय-पत्र्या दुसऱ्या बाजूला आणि मध्ये वहीचं एखाद-दुसरं पान. स्टॅबिलायझर भरणारा वाइंडर पत्र्या एक सुलटी, एक उलटी अशा रचतो. त्याच्या बोटांना तीच सवय असते.

अकोल्यात दालमिलच्या मोटारी भरणाऱ्या एका भाऊंना मी आकृती काढून दिली, तेव्हा ते पत्र्यांकडे बघत म्हणाले, "मॅडम, अशा ठेवल्या तं ह्या गुरगुरतीन ना." अगदी बरोबर होतं. मी एकतर्फी प्रवाहाचं कारण सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मंग पट्टी कसून आवळतो अन् वार्निशमंधी बुडवून भट्टीत घालतो. हालनार नाई." गुरगुर आली नाही. फटीची गरज पुस्तकातून मला ठाऊक होती, पण पत्र्या गुरगुरू नयेत म्हणून काय करायचं हे त्यांना ठाऊक होतं.

आणखी एक बारकावा. प्रायमरी सगळी आत आणि सेकंडरी सगळी बाहेर गुंडाळली की दोघींमधलं चुंबकत्व थोडं निसटतं आणि वरचे सूर बोथट होतात. म्हणून प्रायमरीचे तीन भाग करून त्यांच्या मधल्या दोन जागी सेकंडरी घालायची, प्रत्येक दोन थरांमध्ये लेदरॉइडचा कागद. पंपाच्या मोटारीला याची गरज नसते, पण ज्याची बोटं स्लॉटमध्ये तार बसवतात त्याला हे अवघड नाही. माझी चाचणी इथलीच आहे. तुकडोजी महाराजांच्या परंपरेतल्या खंजिरी भजनाचं एखादं नीट केलेलं ध्वनिमुद्रण लावायचं. खंजिरीच्या चकत्या सुट्या, टोकदार ऐकू आल्या तर वाइंडिंग जमलं. नुसती सळसळ ऐकू आली तर थर पुन्हा मांडायचे.

व्हॉल्व्हचं म्हणाल तर ते आपल्या हातात राहिलेले नाहीत. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली आणि त्यातले कितीतरी आपल्या घरांतल्या रेडिओत बसले. ते उत्पादन कधीच थांबलं. आता स्लोव्हाकिया, रशिया किंवा चीनकडे बघावं लागतं. २०२२ मध्ये रशियाने निर्यातीवर निर्बंध घातले तेव्हा जगभरच्या हौशी लोकांची धावपळ उडाली होती. व्हॉल्व्ह आपण अमरावतीत बनवू शकणार नाही, ट्रान्सफॉर्मर बनवू शकतो. जपानमध्ये सिंगल-एंडेडवर प्रेम करणारी मोठी जमात आहे आणि तिथे टॅमुरा, टँगो ही नावं आदराने घेतली जातात. ही नावं ट्रान्सफॉर्मरची आहेत.

जुना रेडिओ माळ्यावरून काढून त्याचा अ‍ॅम्प्लिफायर करणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. काही सुधारायचं असेल तर आधी आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे जाणारा मेणकागदी कपॅसिटर बदला. तो म्हातारपणी गळतो, ग्रिडवर धन व्होल्टेज चढतं, व्हॉल्व्ह जास्त प्रवाह ओढतो आणि मूळचा चांगला ट्रान्सफॉर्मर जळून जातो. त्या जागी साधा पॉलिप्रॉपिलीनचा, ६३० व्होल्टचा बसवा. महागडा नको. आणि ज्या सेटमध्ये मेन्स ट्रान्सफॉर्मरच नाही, ज्याची चॅसिस थेट विजेच्या तारेला जोडलेली असते, त्याला नवशिक्याने हात लावू नये.

चार-पाचशे रुपयांची अ‍ॅम्प्लिफायर चिप अशा व्हॉल्व्हपेक्षा जास्त वॉट देते आणि मोजमापात तिची विकृती कमी भरते, असं मला सांगितलं जातं. ते खरं आहे. सिंगल-एंडेडमध्ये दुसऱ्या हार्मोनिकची विकृती उघडपणे असते. ती मूळ सुराच्या वरच्या सप्तकातच पडत असल्यामुळे कानाला सहज चालते, मला तर आवडते. पण माझा आग्रह विद्यार्थ्यासाठी आहे. चिपच्या पोटात काय चाललंय ते त्याला कधीच दिसणार नाही. इथे प्रत्येक टोकावर मीटर लावता येतो, प्रत्येक रोधाचं कारण विचारता येतं, आणि चूक कुठे झाली ते वासावरूनही कळतं. धोका आहे: तीनशे व्होल्ट डीसी जीव घेऊ शकतं, आणि स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ते टिकून राहतं. म्हणून ब्लीडर रोध हवाच, पहिल्यांदा वीज देताना सिरीज बल्ब हवा, मोजताना एक हात पाठीमागे हवा. ही शिस्त प्रयोगशाळेत शिक्षकाच्या नजरेखाली शिकवता येते. धोक्याच्या भीतीने मुलांना फक्त पाच व्होल्टच्या बोर्डांवर ठेवणं मला पटत नाही.

अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ चं आहे. अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांत आयटीआय आहेत, इतर अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. शेवटच्या वर्षाचे प्रकल्प बरेचदा तयार बोर्ड मागवून, त्यावर दुसऱ्याचा प्रोग्रॅम चढवून पुरे होतात हे तिथल्या शिक्षकांनाही ठाऊक आहे. त्यांना माझी विनंती आहे की, यंदा एका तरी गटाला हा अ‍ॅम्प्लिफायर द्या. मुलांनी फेरे, गेज, फट यांचा हिशोब करावा आणि जुलैत तो कागद घेऊन गावातल्या रिवाइंडिंगच्या दुकानात जावं. तिथे बॉबिनवर तार चढताना शेजारी बसावं, फटीत एक पान आणि दोन पानं घालून दोन्ही वेळा इंडक्टन्स मोजावा आणि आकडे वाइंडरलाही दाखवावेत. मजुरी प्रकल्पाच्या खर्चात धरावी, घासाघीस न करता द्यावी, आणि अहवालाच्या पहिल्या पानावर मार्गदर्शक प्राध्यापकांच्या नावाशेजारी त्या वाइंडरचं नाव छापावं.